हद्दीबाहेरचा बंब

त्यांचं खरं आडनाव मला नोकरीला लागून दीड महिना होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पालिकेत झाडून सगळे त्यांना 'वणवेसाहेब' म्हणायचे. वणवे असं आडनाव असतंच, त्यामुळे शंका यायचं काही कारण नव्हतं. एके दिवशी त्यांच्या रजेचा अर्ज टाइप करून मी त्यांच्यापुढे सहीला ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, या वणव्यांना रजा द्यायला माझी हरकत नाही. पण मग मी कधी जाऊ?"

मागच्या बाकावर बसलेले दोन फायरमन तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. माझे कान तापले. साहेबांनी मात्र अर्ज फाडला नाही. पेनाने आडनाव खोडलं, वर आपलं लिहिलं, आणि सही केली.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या पट्ट्यातल्या कोणत्या पालिकेत मी होते ते सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून रस्त्यात भेटतात. मी विठ्ठलवाडीला चाळीत राहायचे, कनिष्ठ लिपिक म्हणून नुकतीच लागले होते, आणि अग्निशमनचं टेबल कुणालाच नको होतं म्हणून ते मला मिळालं. साहेब तिथले अधिकारी. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, भुवया कायम अर्धवट उगवलेल्या. त्या तशा का, हे मला पहिल्या उन्हाळ्यात समजलं.

फेब्रुवारी लागला की ते पायात गमबूट घालायचे, ते थेट पाऊस पडेपर्यंत. ऑफिसात, बाजारात, लग्नाकार्यातसुद्धा गमबूट. खोलीत शिरताना आधी दारात उभं राहून हवा हुंगायचे. "गवत नाही हे. उल्हासनगर कॅम्पात कुणीतरी फोमचे तुकडे जाळतंय," असं म्हणून मग खुर्चीत बसायचे. फायरमन पैज लावून माणूस पाठवायचे, आणि बहुतेक वेळा पैज साहेबच जिंकायचे. दुपारी दोन वाजता, ऊन रणरणत असताना, ते पालिकेच्या गच्चीवर चढून दुर्बिणीतून पूर्वेचे डोंगर बघत. एकदा मलाही वर नेलं. मला पिवळं गवत आणि निळसर कडे दिसले. त्यांना त्या गवतात पायवाटा, ओढे, माणसं, सगळं दिसत होतं. "तो पांढरा दगड बघा. त्याच्या अलीकडे आपण. पलीकडे ग्रामपंचायत. वर झाडी दिसते ती वनखात्याची. डावीकडे पत्र्याच्या शेड, ते कारखाने. आता मला सांगा बाई, वारा कुठून येतोय?"

"पश्चिमेकडून."

"म्हणजे कुणाच्या हद्दीतून?"

मी वळून पश्चिमेला पाहिलं, तिथे आमचंच गाव होतं. ते खूश होऊन खाली उतरले.

त्यांच्या खोलीत चहाचा एक नियम होता. चहाचे पैसे जो सगळ्यात जास्त बोलला त्याने द्यायचे. त्यामुळे बाकी सगळे मुके बसत आणि पैसे रोज साहेबच देत. माझ्या हातून नियम मोडला तो फक्त एकदाच, आणि त्या दिवशी त्यांनी माझे पैसे खरोखरच घेतले. नियम म्हणजे नियम.

खर्च कुणी किती उचलायचा, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता, आणि तो चहापुरता नव्हता.

आमची गावं काही वर्षं एकाच मोठ्या महापालिकेत होती. तेव्हा डोंगर पेटला की बंब जायचा. कुठून निघाला, कुणासाठी गेला, कुणी विचारत नसे. नव्वदीच्या सुरुवातीला पालिका वेगळ्या झाल्या. खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली, माणसं वाटली. बंब आमच्याकडे दोन आले. त्यातला एक कायम गॅरेजात. शेजारच्या गावाच्या पालिकेला एक मिळाला. ग्रामपंचायतींना अर्थातच काही नाही. आणि डोंगर वाटायचा राहिला. तो सगळ्यांचाच होता, म्हणजे खर्चाच्या वेळी कुणाचाच नव्हता.

माझ्या टेबलावर आलेली पहिली फाइल तीच होती. आदल्या उन्हाळ्यात बंब डोंगरपायथ्याला जाऊन आला होता. डिझेल, पंपाची दुरुस्ती, जवानांचा जादा भत्ता असं मिळून एक बिल झालं होतं. ते बिल आम्ही शेजारच्या पालिकेला पाठवलं. त्यांनी कळवलं, आग ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती. ग्रामपंचायतीने कळवलं, आग वनजमिनीवर होती. वनखात्याने कळवलं, आग मालकीच्या रानातून वर चढली. कारखानदारांच्या संघटनेने कळवलं, आग कंपाउंडच्या बाहेर होती, सबब संबंध नाही. मी चारही पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. मजा अशी की चारही नियमाला धरून बरोबर होती.

"आता काय उत्तर लिहू?" मी साहेबांना विचारलं.

"काही नको. जळून झाल्यावर भांडून काय होतंय? भांडायचं तर आधी भांडावं. हिरवं असताना."

आणि त्यांनी खरंच भांडण बोलावलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, तिळगुळाचं निमंत्रण देऊन. तिळगुळाला नाही कोण म्हणणार? शेजारच्या पालिकेचे अग्निशमन अधिकारी आले, वनपाल आले, कारखानदारांचे सेक्रेटरी आले. डोंगरपायथ्याच्या गावचे सरपंच आले, साठीचे आगरी गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, आवाज हळू. आमचे मुख्याधिकारी तर होतेच. तरुण, नेकीचे, आणि कागदाशिवाय पाऊल न टाकणारे.

बैठक हॉलमध्ये असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. साहेबांनी त्यांना मागच्या कवायतीच्या आवारात नेलं. तिथे त्यांनी आणि फायरमननी तीन दिवस खपून मातीचा डोंगर उभा केला होता. कमरेएवढा उंच, सगळ्या सोंडा-ओढ्यांसकट. त्यावर वाळलेलं गवत खोचलेलं. पायथ्याला काड्यापेट्यांची वाडी, पत्र्याच्या डब्यांचे कारखाने, आमच्या गावाच्या जागी दोन विटा. आणि सगळ्यांच्या हद्दी मैदानावर मारतात तशा फक्कीने मारलेल्या. प्रत्येकाची खुर्ची त्याच्या त्याच्या हद्दीसमोर. पश्चिमेला लांब वायर ओढून लेखा विभागाचा टेबलफॅन.

"कुणाच्या हद्दीत लावू?" साहेबांनी काडी हातात घेऊन विचारलं.

सगळे आपापल्या फक्कीच्या रेघेकडे बघू लागले. शेवटी सरपंच म्हणाले, "लावा आमचे इथं. सवय हाय आम्हाला."

काडी लागली, पंखा सुरू झाला. गवत चरचरत पेटलं आणि पहिली फक्कीची रेघ अशी ओलांडली, जशी ती नव्हतीच. मग दुसरी. सेक्रेटरी खुर्चीसकट मागे सरकले. काड्यापेट्यांच्या वाडीने फुर्रकन पेट घेतला तेव्हा सरपंचांनी नकळत हात पुढे केला. शेवटी वारा कसा फिरतो ते दाखवायला साहेबांनी पंखा उलट बाजूला नेला, आणि त्याने सगळी राख उडवून मुख्याधिकाऱ्यांच्या पांढऱ्या सफारीवर नेऊन टाकली. साहेब त्यांना म्हणाले, "सर, ही तुमच्या हद्दीबाहेरची आहे. झटकायची का, पत्र लिहू?"

सगळे हसले. मुख्याधिकारीही हसले, पण राख झटकताना त्यांचा चेहरा विचारात होता.

मग साहेबांनी फळा आणला. बंब आणि जवान आमचे. डिझेल शेजारच्या पालिकेचं. पाणी कारखानदारांचं, कारण त्यांच्या टाक्या पायथ्यालाच. गवत कापून आणि जाळून आगीला अडवणारे मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, वनखात्याच्या. आणि डोंगरावर चढून ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणारी माणसं ग्रामपंचायतीची, कारण बंब ओढ्यापुढे चढतच नाही. शिवाय आमचा बंब डोंगराकडे गेला की शेजारच्या पालिकेचा बंब आमच्या आवारात येऊन उभा राहणार, म्हणजे गाव उघडं पडणार नाही. वर्षाच्या शेवटी जो खर्च उरेल तो वाटून घ्यायचा.

"सारखं वाटायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

सरपंच खाली बघत म्हणाले, "आमचे पंचायतीची सालाची घरपट्टी तुमच्या गेटावरच्या दिव्यांच्या बिलाएवढी पन नसंल."

साहेब म्हणाले, "पंगतीत पोराला आणि पैलवानाला सारख्या पोळ्या वाढत नाहीत. ज्याची जेवढी ताकद तेवढं."

सगळ्यांनी माना डोलावल्या, तिळगूळ खाल्ला. मुख्याधिकारी उठताना म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण ठराव लागेल. सभेपुढे ठेवू."

ठराव सभेपुढे ठेवला गेला. फेब्रुवारीत पाण्याच्या प्रश्नावर सभा तहकूब झाली. मार्चमध्ये फेरीवाल्यांवरून. एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय अकरावा होता.

आणि त्या सभेच्या आठ दिवस आधी, दुपारी साडेबाराला, फोन वाजला. मी उचलला. पलीकडे सरपंच होते, पण त्यांचा तो हळू आवाज नव्हता. "सायबांना द्या. डोंगर पेटला. वाडीचे माथ्यावं आलाय."

साहेबांनी फोन घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि ठेवला. गच्चीवर जायची गरज नव्हती, खिडकीतूनच धुराचा पडदा दिसत होता. मुख्याधिकारी ठाण्याला मीटिंगला. नियम स्पष्ट होता: हद्दीबाहेर बंब न्यायचा तर त्यांची लेखी परवानगी, आणि एक बंब गावात हवाच. दुसरा बंब गॅरेजात चाकं काढून पडलेला.

"बाई, शेजारच्या पालिकेला फोन लावा. म्हणावं, बंब आपल्या आवारात आणून उभा करा."

"साहेब, ठराव झालेला नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घाबरत असाल तर नका लावू. मी समजेन." आणि घंटा वाजवून निघून गेले. बंब फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्यांच्या खोलीतला चहा अजून गरम होता.

मी कायम झालेली नव्हते. वडील रिटायर झालेले, घरात पगार माझा एकटीचा. एक मिनिट मी फोनकडे नुसती बघत बसले. मग बाहेर नजर गेली. बंब उभा राहतो ती जागा रिकामी होती, जमिनीवर नुसता तेलाचा डाग. तो रिकामेपणा मला बघवेना. मी नंबर फिरवला.

शेजारचे अधिकारी म्हणाले, "पाठवतो हो, पण लेखी पाहिजे. तोंडी कसं पाठवू?"

"लेखी देते ना. तुमचा ड्रायव्हर इथे पोचला की त्याच्याच हातात देते. पण आधी तो पोचायला हवा."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग ते हसले. "कोण बोलतंय?"

"टेबल क्लार्क."

"बरं. टाइप करायला घ्या."

बंब यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी पत्र टाइप केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा नीट झालं. खाली 'करिता, अग्निशमन अधिकारी' असं लिहून सही केली, ज्याचा मला कुठलाही अधिकार नव्हता. प्रत्येक फोनच्या घंटेला मी उठून फाटकाकडे बघायचे. शेजारचा लाल बंब फाटकातून आत वळला, तेव्हा मी ड्रायव्हरला पत्राआधी पाणी दिलं.

तो आला हे फार बरं झालं. तीनच्या सुमारास स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या एका सुताराच्या कारखान्यात भुशाचा ढीग पेटला. भिंतीला लागून चाळ. पाहुणा बंब गेला आणि अर्ध्या तासात विझवून परत आला. एक छप्पर काळं झालं, बाकी काही नाही.

डोंगरावर काय झालं ते मला नंतर फायरमननी सांगितलं. बंब ओढ्यापाशीच थांबला. वर वाडी, तीसेक गवताची घरं, आणि माथ्यावरून उतरणारी आग. बंबातलं पाणी वाडीची छपरं भिजवण्यात अर्ध्या तासात संपत आलं. कारखानदारांच्या टाकीचं फाटक बंद, किल्लीवाला जेवायला गेलेला. तेवढ्यात उल्हासनगरचे एक सिंधी शेठ, ज्यांचे पाण्याचे टँकर त्या बाजूला कारखान्यांना पाणी घालायचे, ते धूर बघून स्वतः टँकर चालवत आले. "साईं, ये लो पानी. ड्रायव्हर भाग गया, मी आलो," असं म्हणून त्यांनी पाइप ओढायलाही हात लावला.

एका टँकरचं पाणी एकाच जागेला पुरणार होतं. वाडीच्या उजवीकडे सरपंचांच्या स्वतःच्या गवताच्या गंजी होत्या, सालभर कापून रचलेल्या, मुंबईच्या तबेल्यांना विकायच्या. वारा फिरला आणि आग दोन्हीकडे एकदम सरकली. साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं.

"वाडीवं मारा पानी," सरपंच म्हणाले. "पोरं हायत तिथं." आणि डहाळी उचलून पुढे गेले. मागे गंजी पेटल्या तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही, असं फायरमन सांगत होते.

साहेब माणसांबरोबर ओळीत उभे राहून दोन तास झोडपत होते. आग वाडीपासून वीस पावलांवर थांबली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा भुवया नव्हत्या. खुर्चीत बसले, माझ्या सहीची प्रत वाचली, आणि म्हणाले, "कानामात्रेचीही चूक नाही. घाबरून टाइप केलेलं पत्र असं नसतं."

मी त्यांना दोन फाडलेली पत्रं दाखवली. ते इतके हसले की खोकला आला.

हसणं दहा दिवस टिकलं. मधल्या सभेत वेळ संपला आणि अकरावा विषय पुढच्या सभेवर गेला. मग नोटिसा आल्या. एक त्यांना: विनापरवानगी हद्दीबाहेर बंब नेला, सबब झालेला खर्च आपल्या पगारातून वसूल का करू नये? दुसरी मला: अधिकार नसताना सही केली, खुलासा करावा. मी घरी जाऊन जेवले नाही. आई विचारत राहिली, मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहते तर साहेबांनी आपला खुलासा लिहून ठेवलेला. त्यात एक ओळ होती: 'लिपिकेने सही माझ्या तोंडी आदेशावरून केली.'

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "सही करायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

"फोन करायला सांगितलं होतं. अर्धं खरं आहे."

"मग अर्धं मी लिहिते." आणि मी माझा खुलासा वेगळा लिहिला, जसं झालं तसं. त्यांनी तो वाचला आणि आपली ती ओळ खोडली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला इतका मान कुणी दिला नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं त्या दिवशी दाराबाहेर सरपंच आणि टँकरवाले शेठ बाकावर बसलेले होते, न बोलावता. मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना आत घेतलं. सरपंचांनी ग्रामपंचायतीचा ठराव टेबलावर ठेवला: डोंगराकडच्या बाजूने पालिकेच्या पाण्याच्या टाकीमागे जाळरेषा काढायला गाव दर वर्षी माणसं देईल, मजुरी न घेता.

"ही टाकी तर आमच्या हद्दीत आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "तुम्ही का?"

"तुमचा बंब पन आमचे हद्दीत आलता," सरपंच म्हणाले.

"पण तुमचं नुकसान किती झालं, ते यात लिहिलेलं नाही."

सरपंच डोक्यावरची टोपी नीट करू लागले. शेठ न राहवून म्हणाले, "साहब, इनका पूरा सालचा गवत जळला. सामने उभे होते, पानी वाडीला दिलं. ये आदमी बोलेगा नहीं, मी बोलतो."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला ती जागा बघायची आहे. आज."

साहेबांनी त्यांना स्वतःचे जुने गमबूट दिले, दोन नंबर मोठे. आम्ही सगळे जीपमधून गेलो. ओढ्यापासून चढताना मुख्याधिकारी दोनदा घसरले. वर सगळं काळं होतं. वाडीची छपरं पिवळी, आणि त्यांच्यापुढे वीस पावलांवर त्या काळ्याची कडा. दुसरीकडे खाली आमची पाण्याची टाकी, आणि तिच्याही मागे काळं पोचलेलं.

"आपली हद्द नेमकी कुठून जाते?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, राख पायाने बाजूला सारली, आणि पहिल्यांदाच ते मला खरोखर गोंधळलेले दिसले. "सर, पांढरा दगड होता. सापडत नाहीये." दगड तिथेच होता, पण चुन्यावर काजळी बसून तोही काळा झाला होता. वाडीतल्या एका बाईने येऊन आम्हाला तो दाखवला, आणि कोऱ्या चहाचे पेले आणले. मुख्याधिकारी हद्दीच्या त्या दगडावरच बसून चहा प्यायले.

पुढच्या सभेत अकरावा विषय पहिला घेतला गेला, आणि तो त्यांनी स्वतः वाचला. शेजारच्या पालिकेनेही तसाच ठराव महिन्याभरात केला. कारखानदारांनी टाकीची एक किल्ली सरपंचांकडे ठेवायला दिली. माझी नोटीस दप्तरी दाखल झाली. साहेबांची वसुली रद्द झाली, पण 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी लेखी समज मिळालीच. मुख्याधिकारी शेवटी मुख्याधिकारीच. साहेबांनी ती समज टेबलाच्या काचेखाली ठेवली. कुणी विचारलं की सांगत, "बक्षीस आहे. वाचा."

सगळं सुरळीत चाललं असं नाही. एका वर्षी डिझेल उशिरा आलं. एकदा सेक्रेटरी बदलले आणि नव्यांना सगळं पुन्हा समजावून सांगावं लागलं, मातीच्या डोंगरासकट. वनपालांच्या जाळरेषा एका साली निम्म्याच झाल्या. पण दर संक्रांतीला माणसं यायची, भांडायची, आणि फाइल माझ्या टेबलावर एकाच जागी राहायची. सरपंचांच्या गंजींचं काय, हे मला कायम खटकायचं. साहेबांनी त्यावर काही केलं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की दुसऱ्या वर्षापासून त्या गंजी डोंगरापासून लांब, टाकीच्या शेजारी, पालिकेच्या मोकळ्या जागेत रचल्या जाऊ लागल्या, आणि त्याचं भाडं कुणी मागितलं नाही.

साहेब रिटायर झाले आणि बदलापूरच्या टोकाला, डोंगराच्या बाजूला राहायला गेले. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. जानेवारीतल्या एका दुपारी मी पत्रिका आणि पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "घरी कुठले? वर आहेत. रिक्षा ओढ्यापर्यंत जाते."

ओढ्यापासून मी चढले. अंगावर चांगली साडी, हातात पेढ्यांचा पुडा. वर पंधरावीस बाया-माणसं ओळीत उभी होती, आणि गवताचा एक लांब पट्टा कडेकडेने जाळत, झोडपत पुढे सरकत होती. मधोमध गमबूट घातलेले साहेब. मला पाहून त्यांना आनंद झाला हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण ते जागेवरून हलले नाहीत. "पट्टा संपल्याशिवाय पेढा नाही," ओरडून म्हणाले.

ओळीच्या टोकाला असलेले सरपंच आता चांगलेच वाकले होते, आणि त्यांची नजरही अधू झाली होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला बघायचा प्रयत्न केला. "ही कोन आली वो?"

"ही?" साहेब म्हणाले. "हा पालिकेचा हिस्सा."

सरपंच हसले आणि त्यांनी शेजारची जागा मला करून दिली. एका बाईने माझ्या हातातला पुडा घेऊन दगडावर ठेवला आणि पानांनी भरलेली एक ओली डहाळी दिली. मी पदर खोचला. झोडपताना हात उंच उचलायचा नाही, ठिणग्या उडतात. डहाळी दाबून ओढायची, हे तिनेच मला शिकवलं. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या डोंगराची एक कड पूर्ण केली, आणि मग सगळ्यांनी काळ्या हातांनी पेढे खाल्ले.